भाऊंनी सांगितलेला पंप

पणसाहेबांच्या घरी नवी इस्त्री आली मंगळवारी, आणि ती कोणाच्या सांगण्यावरून आली हे त्यांना कळलं बुधवारी. मधला एक दिवस त्या घरात सुखाचा गेला.

पणसाहेब म्हणजे कोण, ते आधी सांगायला हवं. गृहस्थ सरकारी प्रयोगशाळेत परीक्षक. इस्त्र्या, पंखे, मिक्सर, गीझर, पंप, म्हणजे बटण दाबल्यावर जे जे काही फिरतं, तापतं किंवा घरघरतं, ते सगळं बाजारात जायच्या आधी ह्यांच्या टेबलावर येतं. गेली सव्वीस वर्षं हे त्या वस्तू आपटताहेत, भिजवताहेत, दिवसदिवस चालू ठेवताहेत आणि मग पास नाहीतर नापास असा शिक्का मारताहेत. असा माणूस ज्या इमारतीत राहतो, तिथल्या लोकांनी खरं तर नशीबच काढलं म्हणायचं. इमारतीने त्या बदल्यात त्यांना काय दिलं, तर हे नाव. कारण साहेबांना काहीही विचारा, पहिल्या अर्ध्या मिनिटात ‘पण’ यायचाच. “मिक्सर चांगला आहे, पण...” आणि त्या पणच्या पुढे चाळीस मिनिटं.

“अगं, मला विचारायचं तरी,” ते बायकोला म्हणाले.

“विचारलं होतं की, उन्हाळ्यात,” बायको म्हणाली. “तुम्ही जेवण होईस्तोवर थर्मोस्टॅटवर बोललात. मग म्हणालात, घ्यायचीच असेल तर घे, पण घाई करू नकोस. मी चार महिने चुरगळलेल्या साड्या नेसले. काल जिन्यात वरचे भाऊ भेटले, त्यांना विचारलं. ते म्हणाले, ‘लाल मुठीची घ्या वहिनी.’ घेऊन आले.”

वरचे भाऊ! साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी इस्त्री उचलली आणि खोलीचं दार लावून घेतलं. दोन तास तिची उलटतपासणी चालली होती. वायर ओढून बघितली, तळ नखाने खरवडून बघितला, दोन रुमाल जाळून बघितले. पण ती इस्त्री होती उत्तम. बाजारात तिच्यासारखी दुसरी नव्हती, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, कारण तिला पास त्यांनीच केलं होतं. ती वाईट निघाली असती तर माणूस सुखाने जेवला असता हो. चांगली निघाली म्हणून त्या दिवशी त्यांनी एक पोळी कमी खाल्ली.

भाऊ राहायचे बरोबर डोक्यावर, चौथ्या मजल्यावर. शिक्षण बेताचं, आणि उभी नोकरी प्राणिसंग्रहालयाच्या फाटकावर तिकिटं फाडण्यात गेलेली. यंत्रांशी संबंध म्हणाल तर घरी एक घड्याळ, तेही दहा मिनिटं मागे. आणि तरी अख्खी इमारत गादीपासून गीझरपर्यंत सगळं भाऊंना विचारून घ्यायची. इमारतीला लिफ्ट नाही, त्यामुळे भाऊंकडे जाणारा प्रत्येक जण साहेबांच्या दारावरूनच जायचा. कोणाची पावलं वाजली की साहेब हातातलं काम टाकून दाराच्या भोकाला डोळा लावायचे. पहिल्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर पंख्याची दोन माहितीपत्रकं घेऊन वर चाललेत. समोरची नवी सून फ्रिजचं विचारायला चाललीय. अहो, माणसाने किती सोसावं! साहेबांनी मुद्दाम दारावर पाटी करून घेतली होती, ‘वरिष्ठ परीक्षक, गृहोपयोगी यंत्रे’, तीही पितळी. ती लावल्यापासून एकदाच एका अनोळखी माणसाने बेल वाजवली होती. साहेबांनी शर्ट घालून, केस विंचरून दार उघडलं. तो म्हणाला, “भाऊ ह्याच्या वरच्याच मजल्यावर ना?”

आता ह्याला जळणं म्हणायचं असेल तर म्हणा. साहेब स्वतः त्याला ‘तत्त्वाचा प्रश्न’ म्हणायचे. ज्याच्याकडे माहिती आहे त्याला कुत्रं विचारत नाही, आणि ज्याच्याकडे नुसता हसरा चेहरा आहे त्याच्या शब्दावर बाजार हलतो, हे देशाच्या हिताचं नाही, असं त्यांनी ऑफिसात दोनदा बोलूनही दाखवलं. पण रात्रंदिवस डोळ्यात खुपत होतं ते देशाचं हित नव्हतं, ते भाऊंचं ‘लाल मुठीची घ्या वहिनी’ होतं.

आणि मग इमारतीचा पाण्याचा पंप गेला.

जमिनीखालच्या टाकीतलं पाणी गच्चीवर चढवणारा तो म्हातारा पंप. प्लंबरने हात टेकले. नवा आणायचा ठरलं. बाजारात पंप तीन, निळा, हिरवा आणि राखाडी. कोणता घ्यायचा त्यासाठी रविवारी सभा. ते कळलं आणि साहेब खुर्चीतून उठून उभेच राहिले. कारण तिन्ही पंप वर्षभरात त्यांच्या टेबलावर येऊन गेले होते. हिरवा हजार तास चालला आणि हूं की चूं केलं नाही. राखाडी ठीकठाक. निळा मात्र अकराव्या तासाला असा किंचाळला की शेजारच्या विभागातली माणसं धावत आली, आणि बाराव्या तासाला धूर. नापास. शिक्का साहेबांनीच मारला होता, पण अहवाल छापून बाहेर येईपर्यंत तो दुकानात विकला जाणारच होता.

सरळमार्गी माणूस असता तर सभेत उठून म्हणाला असता, हिरवा घ्या. साहेबही सव्वीस वर्षं सरळमार्गीच होते. पण मत्सराने माणसाचं डोकं असं काही चालायला लागतं की ऑफिसात ते इतकं चाललं असतं तर कधीच बढती मिळाली असती. त्यांनी विचार केला, नुसतं हिरवा घ्या म्हणून काय मिळणार? त्यापेक्षा भाऊंच्या गळी निळा उतरवायचा. भाऊ सभेत निळा म्हणणार, लोक माना डोलावणार, आणि ऐन वेळी आपण चाचणीचा अहवाल काढून टेबलावर आपटायचा. ह्या माणसाला काही कळत नाही हे सगळ्यांदेखत दाखवायचं, आणि मग हिरवा घ्यायचा. इमारतीला चांगला पंप, भाऊंना चांगला धडा. कोणाचं नुकसान आहे ह्यात?

शुक्रवारी संध्याकाळी साहेब आयुष्यात पहिल्यांदा त्या वरच्या जिन्याची पायरी चढले.

भाऊ जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मटार सोलत बसले होते. “या या साहेब! आज इकडे कुठे वाट चुकलात?” त्यांनी खुर्चीवरचे कपडे बाजूला केले.

“सहज,” साहेब म्हणाले. त्यांचे कान तापले होते. “पंपाचं म्हटलं सांगावं. निळा एकदम उत्तम आहे. आमच्या प्रयोगशाळेत पहिला आला.”

भाऊंनी हातातली शेंग खाली ठेवली. “असं? मग झालं तर. तुम्ही सांगता म्हणजे बघायलाच नको.”

ह्या वाक्याने साहेबांचं काय झालं ते सांगणं कठीण आहे. सव्वीस वर्षांत त्यांना हे कोणीही म्हटलं नव्हतं. वरिष्ठांनी नाही, बायकोने तर नाहीच. छातीत एकदम काहीतरी ऊबदार वाटलं आणि पाठोपाठ लाज वाटली. ‘भाऊ, खोटं बोललो हो’ हे अगदी जिभेच्या टोकावर आलं. म्हणून टाकलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण त्याच क्षणी दारात दातांचे डॉक्टर उभे. “भाऊ, बेसिनचा नळ कुठला घेऊ हो?” साहेबांकडे त्यांनी बघितलंही नाही, बघितलं ते खुर्चीकडे, ही कधी रिकामी होतेय म्हणून. साहेब उठले आणि खाली आले.

शनिवारी ते ऑफिसात अहवालाची प्रत मागायला गेले. अहवाल त्यांनीच लिहिलेला, त्यांच्याच हस्ताक्षरातला, त्यांच्याच कपाटात. पण प्रयोगशाळेच्या पत्रिकेत छापून येईपर्यंत चाचणीचा अहवाल गोपनीय असतो, असा नियम.

“पण मीच लिहिलाय तो,” साहेब म्हणाले.

“म्हणूनच,” मोठे साहेब म्हणाले. “लिहिणाऱ्यानेच फोडायला सुरुवात केली तर कसं व्हायचं? अर्ज करा.”

अर्जाचा ठरावीक नमुना असतो आणि तो संपलेला होता. नवे छापून मागवायला वेगळा अर्ज लागतो, त्याचा नमुना मात्र मुबलक होता. साहेबांनी तो भरला, तीन सह्या गोळा केल्या. त्यातली एक सही स्वतः साहेबांचीच होती, ‘अर्जदारास ओळखतो’ म्हणून. संध्याकाळी उत्तर हातात आलं, ‘आपला अर्ज विचाराधीन आहे.’ साहेब घरी आले ते हा कागद घेऊन. म्हटलं, अहवाल नाही तर नाही, तोंड तर आहे.

सभा वाहनतळात भरली. सेक्रेटरीबाई पूर्वी शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि इमारतीतल्या थोराड माणसांनाही त्या ‘मागचे, गडबड नको’ म्हणायच्या. पहिला विषय कबुतरं. त्यावर दीड तास, दोन भांडणं आणि एक सभात्याग. दुसरा विषय पंप.

“भाऊ, तुमचं काय मत?” बाईंनी विचारलं.

“निळा चांगला आहे म्हणतात,” भाऊ म्हणाले.

सरसर हात वर गेले. कोणी विचारलं नाही की कोण म्हणतात, कधी म्हणाले, कशावरून म्हणाले. कबुतरांना दीड तास आणि पंपाला दीड मिनिट! साहेबांनी शेजारी बघितलं तर बायकोचाही हात वर. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. ते उठले.

“माझा आक्षेप आहे.”

“आक्षेप लेखी द्यायचा असतो,” बाई म्हणाल्या. “सात दिवस आधी.”

“पण बाई, सात दिवसांपूर्वी जुना पंप चालू होता!”

“मग तेव्हाच द्यायचा. वेळेवर काम करायची सवय हवी. बरं, आक्षेपाला आधार काय?”

“आधार आहे,” साहेब म्हणाले, “पण तो गोपनीय आहे.”

असे हसले लोक, असे हसले की सभात्याग केलेला माणूसही काय झालं बघायला परत आला. साहेब लालेलाल झाले. खड्ड्यात गेला नियम, आता सांगूनच टाकतो म्हणून त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात समोरून भाऊ गोंधळून म्हणाले, “साहेब, पण परवा तुम्हीच तर मला...”

साहेब खाली बसले. हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. सापळा लावताना माणूस दुसऱ्याचाच पाय डोळ्यांसमोर ठेवतो. आता तोंड उघडलं असतं तर भाऊंचं अज्ञान राहिलं बाजूला, सरकारी परीक्षक जिन्याने वर जाऊन शेजाऱ्याशी खोटं बोलतो, हेच आधी उघडं पडलं असतं. “काही नाही,” ते पुटपुटले. “चालू द्या.” ठराव एकमताने मंजूर झाला. एकमतात साहेबांचंही मत आलं.

निळा पंप बसला आणि रोज तासदीड तास असा पहिले आठ दिवस झकास चालला. त्या आठ दिवसांत साहेबांनी जे भोगलं ते शत्रूलाही भोगायला लागू नये. जिन्यात भेटेल तो म्हणायचा, “भाऊंचा पंप बघितलात? काय धार आहे!” अंघोळ करताना डोक्यावर धो धो पाणी पडायचं आणि प्रत्येक तांब्यागणिक साहेबांना भाऊंचा हसरा चेहरा दिसायचा. ते कान देऊन बसायचे. किंचाळ बाबा, एकदा किंचाळ! नवव्या दिवशी सकाळी निळा पंप किंचाळला. साहेब दाढी अर्धी टाकून धावत खाली गेले. धूर येत होता, निळसर, अगदी प्रयोगशाळेत आला होता तसाच. इतक्या आनंदाने धुराकडे बघणारा माणूस इमारतीने कधी पाहिला नव्हता.

आता भाऊंची शंभर वर्षं भरली, असं समजून साहेब वाट बघत राहिले. दोन हातांत दोन बादल्या घेऊन तीन मजले चढताना ते गुणगुणत होते. बायको म्हणाली, “पाणी नाही घरात आणि गाणी कसली म्हणताय?”

पण भाऊंविरुद्ध कोणी ब्र काढेना.

प्लंबर आला. पंपाकडे त्याने ढुंकूनही बघितलं नाही. “भाऊंनी सांगितलेला पंप आहे ना? मग पंपात काही नसणार. पाइप खराब असेल.” दोन दिवस भिंती फोडून पाइप बदलले. पंप ढिम्म. मग दातांच्या डॉक्टरांनी शोध लावला की पाणीच जड आहे. पाण्याचा नमुना तपासायला गेला. पाणी निर्दोष सुटलं. मग विजेवर संशय, मग पहिल्या मजल्यावरच्या भाडेकरूवर, कारण त्याने नवं कपडे धुण्याचं यंत्र घेतलं होतं आणि तेही भाऊंना न विचारता. शेवटी सेक्रेटरीबाईंनी कबुतरांचा विषय पुन्हा काढला. पाइपात पीस गेलं असेल म्हणे! म्हणजे कबुतरं दोषी, पाणी दोषी, वीज दोषी, सगळी सृष्टी दोषी, फक्त भाऊंचा शब्द तेवढा सोन्याचा. आणि खालून बादल्या भरून वर जायच्या त्यात भाऊंची पहिली. “भाऊ, तुम्ही नका उतरू, गुडघे दुखतात तुमचे.” साहेबांचे गुडघे आठ दिवस दुखत होते. त्यांना कोणी तांब्याभर पाणी आणून दिलं नाही.

पंप जळल्यापासून दहाव्या दिवशी सकाळी टाकीपाशी बादल्यांची रांग होती. साहेब रांगेत उभे. पुढे नवी सून भाडेकरूच्या बायकोला सांगत होती, “भाऊंनी सांगितलेला पंप काय, आपल्याला लाभला नाही बघा. आपलीच पुण्याई कमी.”

साहेबांची बादली हातातून सुटली. “पुण्याई? पंपच भिकार आहे तो! बारा तासांत जळतो! मला ठाऊक आहे!” त्यांचा आवाज फाटला. “आणि भाऊंना काय कळतंय? निळा चांगला हे त्यांना मीच सांगितलं होतं. मी! मुद्दाम!”

भाऊ आज स्वतः बादली घेऊन उतरले होते. ते जिन्याच्या तोंडाशी उभे होते. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या.

“खरं आहे,” भाऊ म्हणाले. “साहेबांनीच सांगितलं होतं. आणि हेच कशाला, आजवरचं सगळं मला त्यांच्याकडूनच कळलंय. सकाळी ते गॅलरीत दाढी करतात ना, तेव्हा वहिनींना सगळं सांगत असतात. कुठली इस्त्री पास, कुठला गीझर नापास. आत मिक्सर चालू असतो, वहिनींना ऐकू जात नसावं. मी वर कपडे वाळत घालत असतो, मला स्वच्छ ऐकू येतं. पंपाचं तेवढं कधी कानावर आलं नव्हतं. मी फक्त पणच्या अलीकडचं धरतो आणि पलीकडचं सोडतो. मला बापड्याला काय कळतंय, मी जन्मभर तिकिटं फाडली.”

साहेब बघतच राहिले. म्हणजे ती लाल मुठीची इस्त्री, डॉक्टरांचे पंखे, सुनेचा फ्रिज, इतकी वर्षं अख्खी इमारत ज्या शब्दावर चालली तो शब्द त्यांचाच होता! ज्या माणसावर ते रोज जळत होते, तो माणूस रोज त्यांचंच ऐकत होता. त्यांचे डोळे भरून आले. आता, आता तरी...

“काय मन आहे हो भाऊंचं!” सेक्रेटरीबाई म्हणाल्या. “दुसऱ्याचं पितळ उघडं पडलं तर त्याला सावरायला स्वतःचं सगळं त्याच्या नावावर करून टाकलं.”

“नाहीतर काय,” डॉक्टर म्हणाले. “इस्त्री म्हणे ह्यांनी सांगितली! कोणी विश्वास तरी ठेवेल का?” आणि मग साहेबांकडे वळून, “निळ्या पंपाचं तेवढं मात्र खरं असणार. तरीच म्हटलं, भाऊंचा सल्ला चुकला कसा!”

घरी आल्यावर बायकोने साहेबांपुढे अर्धा पेला पाणी ठेवलं. घरात तेवढंच होतं.

“मुद्दाम केलंत?” तिने विचारलं.

“हो.”

“इतकं जळायचं?”

साहेब पाणी प्यायले नाहीत. “तूसुद्धा त्यांना विचारतेस,” ते म्हणाले. “सगळ्यांचं सोड. तूसुद्धा.”

“मी पहिल्यांदा तुम्हालाच विचारते,” बायको म्हणाली. “दर वेळी. तुम्ही चूक निघायला इतके घाबरता की उत्तरच देत नाही. सगळ्या बाजू सांगता आणि मला मध्येच सोडून देता. भाऊ चुकायला घाबरत नाहीत.”

संध्याकाळी साहेब दुसऱ्यांदा चौथ्या मजल्यावर गेले. ह्या वेळी खुर्चीत बसले नाहीत. “भाऊ, मी तुमच्याशी खोटं बोललो. तुमचं नाव जावं म्हणून.”

“मला तेव्हाच शंका यायला हवी होती,” भाऊ म्हणाले. “तुम्ही एवढं उत्तम उत्तम म्हणालात आणि त्यात एकही पण नव्हता. बसा हो. चहा करायला पाणी नाही, नाहीतर टाकला असता.”

साहेब बसले. माणूस रागावला असता तर बरं झालं असतं. ह्या चांगुलपणाचाही त्यांना हेवाच वाटला, आणि तो वाटतोय ह्याची शरम वाटली, पण हेवा काही कमी झाला नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा सभा, विषय एकच. नवा पंप. कबुतरांनाही त्या दिवशी सुट्टी होती.

“भाऊ, तुमचं मत?” बाईंनी विचारलं.

“मला विचारू नका,” भाऊ ठामपणे म्हणाले. “साहेब इथे बसलेत. त्यांना विचारा. मी ह्यात बोलणार नाही.”

पहिल्यांदा एक मान वळली, मग दुसरी, आणि मग सगळी इमारत पणसाहेबांकडे बघायला लागली. सव्वीस वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली तो हा. साहेब उभे राहिले. खिशात अहवाल नव्हता, अर्ज अजून विचाराधीनच होता. पण डोक्यात सगळं होतं. हजार तास, तापमान, दाब, रबरी चकतीची झीज, आणि उंची जास्त असेल तर एक शक्यता, पण... बायको खालून त्यांच्याकडे बघत होती.

“हिरवा,” साहेब म्हणाले. आणि तोंड मिटलं.

कोणी हललं नाही. हात वर गेले नाहीत. नव्या सुनेने भाऊंकडे बघितलं, डॉक्टरांनी भाऊंकडे बघितलं, सेक्रेटरीबाईंनी चष्मा वर करून भाऊंकडे बघितलं. भाऊ आपल्या चपलांकडे बघत होते.

आणि साहेब? हिरवा पंप ज्यांनी स्वतः हजार तास चालवला होता, रोज सकाळी त्याच्यावर हात ठेवून तो तापला का बघितलं होतं, शिक्का स्वतःच्या हाताने मारला होता, त्या साहेबांनाच शंका यायला लागली. हिरवाच ना? राखाडी तर नव्हे? भाऊ का बोलत नाहीत? असं काय दिसलं त्यांना हिरव्यात? साहेबांचीही मान हळूच वळली, आणि सगळ्या इमारतीबरोबर तेही भाऊंच्या तोंडाकडे बघायला लागले.

भाऊंनी मान वर केली. एवढे डोळे बघून ते बावरले, आणि काहीतरी करायला हवं म्हणून त्यांनी मान हलवली, हो म्हणून.

सरसर हात वर गेले. साहेबांचा श्वास सुटला आणि त्यांचा हात सगळ्यांच्या आधी वर गेला.